तुम्ही विचारलंत म्हणून : कुत्रा विकत घ्यावा की दत्तक?

महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. कधी फोनवर, कधी चिंगीला फिरवताना रस्त्यातच. "आम्हाला कुत्रा घ्यायचाय. विकत घेऊ की दत्तक?" दोन्ही करून बसलेली बाई म्हणून लोक माझ्याकडे येतात. ब्रूनो विकत आणला होता, चिंगी दत्तक आली. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांचं आधीच ठरलेलं असतं, माझा फक्त शिक्का हवा असतो.

माझं उत्तर ऐकून दोन्ही बाजूंचे लोक खट्टू होतात. मी म्हणते, मोठा कुत्रा आणा. दोन वर्षांपुढचा, चार-पाचचा असेल तर फारच छान. मग तो बहुधा दत्तकच मिळेल, कारण विकणाऱ्यांचा सगळा धंदा पिल्लांचा. पण मी दत्तकाच्या बाजूने बोलते ते दयेपोटी नाही, हे आधी सांगून टाकते.

ब्रूनो दोन महिन्यांचा होता. लॅब्रॅडॉर, कागदपत्रांसकट. विकणाऱ्याने बापाचा फोटो दाखवला. छाती पुढे काढून उभा, शेजारी चषक. आई कुठे आहे विचारलं तर "ती दुसऱ्या जागी असते" म्हणाला आणि पिल्लू माझ्या हातात ठेवलं. पिल्लू हातात आलं की माणसाची चौकशी संपते, हे त्याला पक्कं माहीत होतं.

सात महिन्यांचा झाल्यावर ब्रूनो जिना चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलायला लागला, सशासारखा. आम्हाला ते इतकं गोड वाटलं की व्हिडिओ काढून चार जणांना पाठवला. त्यातल्या एका मैत्रिणीचा लगेच फोन आला, "हसताय काय, डॉक्टरकडे न्या." एक्स-रेमध्ये मलाही दिसलं. खुब्याची वाटी उथळ होती आणि मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात धड बसतच नव्हता. हिप डिस्प्लेशिया. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याच्या आईबापाच्या खुब्यांचे एक्स-रे पाहिले होते का?" मी त्यांना बापाच्या चषकाबद्दल सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पेनचं टोपण लावलं.

हा आजार एका जनुकाचा नाही, अनेकांचा मिळून आहे. त्यात खाणं आणि पिल्लाचं झपाट्याने वाढणारं वजनही भर घालतं. आईबाप निर्दोष असले तरी पिल्लू सुटेलच असं नाही, धोका मात्र कमी होतो. म्हणूनच नीट काम करणारा ब्रीडर जोडी लावण्याआधी दोघांचे खुबे तपासून घेतो. अमेरिकेत या तपासणीचं अंतिम प्रमाणपत्र कुत्रा चोवीस महिन्यांचा झाल्याशिवाय मिळतच नाही. म्हणजे कुत्री पहिल्यांदा माजावर आली की लगेच जोडी लावणाऱ्याकडे तो कागद असूच शकत नाही. ब्रूनो अकरा वर्षं जगला. शेवटची चार वर्षं आमच्या घरभर रबरी चटया होत्या, त्याचा पाय घसरू नये म्हणून.

तर मी ब्रीडरांच्या विरोधात आहे का? चांगल्यांच्या नाही. आंधळ्या माणसाला रस्ता ओलांडून देणारे, मेंढ्या वळवणारे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या निवडूनच तयार होतात, ते नशिबावर सोडून चालत नाही. अशा एका ब्रीडरबाईंना मी भेटले आहे. त्यांनी मला तासभर प्रश्न विचारले. घरात दिवसा कोण असतं, मूल झालं तर काय, घर बदललं तर काय. शेवटी म्हणाल्या, "काहीही झालं तरी कुत्रा मलाच परत करायचा, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही." त्यांच्याकडे थांबायचं होतं वर्षभर.

आणि सगळी गोम या थांबण्यातच आहे. कुत्री साधारण 63 दिवसांनी विते. पिल्लं आठ आठवड्यांची होईपर्यंत आईजवळ राहायला हवीत. जोडी लागल्यापासून पिल्लू घरी येईपर्यंत चार महिने तर असेच गेले. कुत्रीला मध्ये विश्रांती द्यायची, तर एका कुत्रीपासून वर्षाला एखादंच वेत मिळणार. पण गिऱ्हाइकाला पिल्लू हवं असतं या शनिवारी, मुलाच्या वाढदिवसाला. कोणत्याही शनिवारी कोणत्याही जातीचं पिल्लू तयार ठेवायचं तर एकच मार्ग उरतो. पिंजऱ्यांची रांग, आणि त्यात माजामागून माज वीत राहणाऱ्या आया. ब्रूनोची आई "दुसऱ्या जागी" होती ती बहुधा अशाच ठिकाणी.

इंग्लंडमध्ये एप्रिल 2020 पासून 'लूसीचा कायदा' आहे. लूसी ही अशाच एका पिल्लांच्या कारखान्यातून सोडवलेली कुत्री. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू मधल्या दलालाने किंवा दुकानाने विकायचं नाही, जिथे ते जन्मलं तिथेच, आईसोबत दाखवून विकायचं, असा तो कायदा. मला त्यातला आईचा भाग फार आवडतो. एक अख्खा कायदा त्या एका प्रश्नावर उभा आहे, जो मी विचारला आणि उत्तर न घेता घरी आले.

आता दत्तकवाले. "विकत नको, दत्तकच घ्या" ही घोषणा मला आवडत नाही. तिच्यात घेणाऱ्याला आधीच अपराधी ठरवलेलं असतं, आणि त्या अपराधीपणाच्या भरात आणलेला कुत्रा तिसऱ्या महिन्यात परत जातो. शिवाय तिथेही विकणारे असतात, फक्त पैसे घेत नाहीत. चिंगीच्या आधी मी एका शेल्टरमध्ये गेले होते. एक देखणा काळा कुत्रा दाखवून "मुलांमध्ये एकदम खेळकर" असं सांगितलं गेलं. मी बाहेर पडत असताना फरशी धुणारा मुलगा हळूच म्हणाला, "ताई, हा दोनदा परत आलाय. दोन्ही वेळी लहान पोरालाच चावला." कुत्र्याचा राग नाही आला मला.

मोठ्या कुत्र्याचा आग्रह का, ते आता सांगते. पिल्लू विकतचं असो की दत्तक, ती न उघडलेली लॉटरी असते. लोक जात बघतात ती याचसाठी, की स्वभावाची हमी मिळेल. 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांची पाहणी आली होती. त्यात दिसलं, की कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकाचा जेमतेम नऊ टक्के भाग जातीवरून समजतो. केस, कान, उंची हे जातीवरून कळतं. पण तुमचा कुत्रा पाहुण्यांवर भुंकेल की त्यांच्या मांडीत बसेल, हे फारसं नाही. शेल्टरच्या पाटीवर लिहिलेल्या जातीचीही तीच गत. ती बहुतेक वेळा डोळ्यांनी केलेला अंदाज असते आणि डीएनए तपासला की पुष्कळदा चुकते.

नावाची जादू मात्र जबर. 1989 मध्ये ऑस्ट्रेलियात, अंधांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेतल्या वॉली कॉनरन यांनी लॅब्रॅडॉर आणि कमी केस गळणारा पूडल यांचा संकर केला. एका अंध बाईंच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी होती, म्हणून. तीन पिल्लं झाली, पण संकर आहे म्हटल्यावर ती सांभाळायला कुणी घेईना. मग 'लॅब्राडूडल' असं नाव दिलं आणि लोकांची रीघ लागली. पिल्लं तीच होती. पुढे कॉनरन यांनाच त्या सगळ्याचा पश्चात्ताप झाला.

चार-पाच वर्षांचा कुत्रा जसा आहे तसा समोर उभा असतो. उंची ठरलेली, खुबे ठरलेले, स्वभाव बराचसा ठरलेला. चिंगी जिच्या घरी तात्पुरती राहत होती त्या मुलीने मला फोनवर सांगितलं, "मांजर चालत नाही. एकटी राहते, रडत नाही. बेल वाजली की पलंगाखाली जाते. खाताना भांड्याला हात लावू नका." ब्रूनोच्या फाइलमधले सगळे कागद एकत्र केले तरी एवढी माहिती भरत नव्हती.

म्हणून सगळं सोपं गेलं असं नाही. पहिल्या अकरा रात्री चिंगी न्हाणीघरात बादलीमागे झोपली. जिना म्हणजे काय हे तिला माहीतच नव्हतं. पुढचे दोन पाय पहिल्या पायरीवर ठेवून ती उभी राहायची आणि मागच्या पायांचं काय करायचं ते न कळून माझ्याकडे बघायची. मी रोज एक पायरी वर सरकून बसायचे. कुत्रे सांभाळणारे म्हणतात, तीन दिवस भेदरण्याचे, तीन आठवडे रुळण्याचे, तीन महिने घर आपलं वाटण्याचे. हे शास्त्र नव्हे, ठोकताळा आहे, पण जिन्याला खरंच तीन आठवडे लागले. बाराव्या रात्री ती न्हाणीघरातून निम्मीच बाहेर आली आणि उंबऱ्यावर हनुवटी ठेवून झोपली. दार लावता येईना. तेव्हापासून ते रात्री उघडंच असतं.

गेल्या आठवड्यात एक जोडपं आलं होतं. दोघंही दिवसभर कामावर, घरी सहा वर्षांची मुलगी. मी हे सगळं सांगितलं, खुबे, आया, नऊ टक्के, सगळं. दोघांनी मनापासून मान डोलावली. चिंगी तोवर पलंगाखालून बाहेर येऊन त्यांचे जोडे हुंगत होती. उठता उठता नवरा म्हणाला, "अगदी पटलं. पण मुलीला आम्ही पिल्लू कबूल केलंय हो."

मी त्या फोनवरच्या मुलीचा नंबर दिला आहे. तिच्याकडे सध्या सात वर्षांचा एक कुत्रा आहे, लहान मुलांच्या घरात वाढलेला. जाऊन नुसतं तासभर जमिनीवर बसून या, एवढंच सांगितलं. अजून गेले नाहीत.