उपग्रहाला पऱ्हाटी दिसते, बियाण्याची पिशवी दिसत नाही

यवतमाळ जिल्ह्यात बीटी कपाशीमुळे, म्हणजे बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या वाणांमुळे, काय बदलले ते उपग्रहचित्रांवरून तपासायचे ठरवले, तेव्हा अडचण चित्रांची येईल असे मला वाटले होते. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची १० मीटर तपशिलाची चित्रे विनामूल्य मिळाली आणि पावसाळ्यातल्या ढगांवर सेंटिनेल-१ च्या रडारने बरीचशी मात केली. मी अडलो ते कागदावर.

बीटी आणि बिगरबीटी कपाशीची पाने उपग्रहाला सारखीच हिरवी दिसतात. त्यामुळे २००२ च्या मंजुरीनंतर कोणत्या तालुक्यात बीटी बियाणे किती विकले गेले, याची नोंद हाती असल्याशिवाय चित्रांना अर्थ नव्हता. एका कार्यालयात तीन खेपा घालूनही कोणी काही सांगेना, म्हणून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. तो अर्ज कलम ६(३) खाली तालुक्याकडे पाठवण्यात आला. तालुक्याने ही माहिती जिल्ह्याकडेच असते असे कळवले. पहिले अपील केले आणि सुनावणीत, आवाज चढू न देण्याचा प्रयत्न करीत, दोन्ही पत्रे शेजारी ठेवून दाखवली. शेवटी पानाला दोन रुपये भरून ज्या छायाप्रती हाती आल्या, त्यांत वर्षावर्षाच्या रकान्यात एकच शब्द होता : ‘कापूस’. वाणाचा उल्लेख कोठेही नव्हता. आता आठवले म्हणून सांगतो, महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लिहावा लागतो. मी सुरुवातीला तीन विषय एकत्र कोंबले होते आणि त्यात माझाही महिना गेला. विनापरवाना विकले जाणारे तणनाशक-सहनशील बियाणे तर कोणत्याच रजिस्टरात सापडणार नाही, त्यामुळे त्याची आशा धरू नये.

चिडून मी प्रश्नच बदलला. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसून सरकी खाते. बाहेर झाड हिरवेच राहते, म्हणून २०१७ सारख्या वर्षातले नुकसानही हिरवेपणाच्या निर्देशांकात सरळ उमटत नाही. शेत कधी मोकळे झाले, हे मात्र उपग्रहाला दिसते. डिसेंबरनंतर फरदड ठेवली, म्हणजे मुख्य वेचणी होऊनही कपाशी शेतात उभी राहू दिली, की अळीला पुढेही खाद्य मिळत राहते, आणि ती फरदड पाच दिवसांच्या अंतराने येणाऱ्या चित्रांत गावागावांत मोजता येते. जुन्या काळाशी तुलना करायची असल्यास लँडसॅट-५ या जुन्या अमेरिकी उपग्रहाची चित्रे वापरावीत. लँडसॅट-७ च्या चित्रांत मे २००३ च्या बिघाडानंतर कोऱ्या पट्ट्या आहेत.

नकाशा तयार झाल्यावर मला थोडा अभिमानही वाटला. जानेवारीत तो घेऊन केळापूर तालुक्यात बांधावर गेलो, तर फरदड म्हणून रंगवलेल्या पहिल्याच शेतात पऱ्हाटी केव्हाच उपटून झाली होती आणि हिरव्या उभ्या होत्या त्या आंतरपिकातल्या तुरीच्या ओळी.