लॅबला त्रुटी कळवताना

आईच्या थायरॉइडच्या तपासणीचा रिपोर्ट मी लॅबच्या संकेतस्थळावर लॉगिन करून उघडला आणि नाशिकला राहणाऱ्या बहिणीलाही पाहता यावा म्हणून त्याची लिंक तिला व्हॉट्सॲपवर पाठवली. दोन मिनिटांत तिचे उत्तर आले की टीएसएच थोडा वाढलेला दिसतो आहे. बहिणीचे त्या संकेतस्थळावर खातेच नव्हते. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचे काम करतो, त्यामुळे टीएसएचच्या आधी मला तेच खटकले.

लिंकच्या शेवटी सात अंकी क्रमांक होता. तो एकने वाढवला तर कोणा अनोळखी रुग्णाचा रिपोर्ट समोर येईल अशी दाट शंका होती; पण तो पाहण्याचा मला काहीच अधिकार नव्हता. सुदैवाने माझ्या पत्नीनेही त्याच लॅबमध्ये रक्त तपासून घेतले होते. तिला विचारून तिच्या रिपोर्टचा क्रमांक घेतला, ब्राउझरची खासगी खिडकी उघडली आणि कुठेही लॉगिन न करता आईच्या लिंकमध्ये तो घातला. तिचे नाव, वय, मोबाइल क्रमांक आणि हिमोग्लोबिन, सारे काही उघडले. असे किती रिपोर्ट उघडे आहेत हे मोजायला चार ओळींचा प्रोग्रॅम पुरला असता आणि हात शिवशिवले हेही कबूल करतो. परंतु त्रुटी सिद्ध करायला घरातले दोन रिपोर्ट पुरेसे होते आणि बाकीची मोजणी लॅबने स्वतःच्या सर्व्हरवरील नोंदींवरून करायची होती.

पत्र लिहिण्यापूर्वी एका वकील मित्राशी बोललो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीविना संगणक यंत्रणेत प्रवेश करणे येते आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, हे त्याने समजावले. ‘तुझा हेतू तुझ्या वागण्यातून दिसला पाहिजे, पत्रातल्या विशेषणांतून नाही,’ असे तो म्हणाला. बक्षिसाचा विषय पत्रात काढायचाच नाही, कारण त्रुटी आणि पैसे एकाच पत्रात आले की ते खंडणीसारखे वाचले जाते, हा त्याचा दुसरा सल्ला मला त्याहून मोलाचा वाटला.

मात्र पत्र पाठवायचे कोणाला, याचे उत्तर मिळेना. संस्थेने त्रुटी कळवण्याचा पत्ता ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ नावाच्या छोट्या फाइलमध्ये ठरलेल्या जागी ठेवावा, असा संकेत आहे आणि २०२२ मध्ये आरएफसी ९११६ म्हणून, म्हणजे इंटरनेटचे संकेत नोंदवणाऱ्या क्रमांकित दस्तऐवजांपैकी एक म्हणून, तो लिखित स्वरूपात आलेला आहे. इथे ती फाइल नव्हती. शेवटी ग्राहक सेवेला फोन केला.

‘सर, रिपोर्ट उघडत नाहीये का?’

‘उघडतोय. कोणालाही उघडतोय, हीच अडचण आहे.’

‘मग उघडतोय ना, सर?’

त्या मुलीचा यात काहीच दोष नव्हता. तिच्यासमोरच्या यादीत असल्या तक्रारीला रकानाच नसणार. दुसऱ्या दिवशी तक्रार ‘निवारण झाले’ असा शेरा मिळून बंद झाली.

मग सविस्तर ई-मेल लिहिला. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या पायऱ्यांनी काय दिसले. पाहिलेले दोन्ही रिपोर्ट माझ्याच कुटुंबाचे आहेत. स्क्रीनशॉटमधली नावे आणि क्रमांक झाकले आहेत. आणि मागणाऱ्याला तो रिपोर्ट पाहण्याचा अधिकार आहे की नाही हे सर्व्हरने प्रत्येक वेळी तपासावे, एवढाच उपाय आहे. वेब सुरक्षेसाठी काम करणाऱ्या ‘ओवास्प’ या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत याच जातीच्या त्रुटी पहिल्या क्रमांकावर आहेत, म्हणजे यात माझी काही हुशारी नव्हती. दहा दिवसांत पोच न मिळाल्यास सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक सुरक्षा संस्थेला कळवीन, हे वाक्य धमकीसारखे वाटू नये म्हणून तीनदा बदलले.

पोच आली नाही. सर्ट-इन ही संस्था त्याच अधिनियमाच्या कलम ७०ब खाली संगणक सुरक्षेचे काम करते आणि त्रुटी सापडलेली व्यक्ती व संबंधित संस्था यांच्यात दुवा होते. त्यांच्या पीजीपी किल्लीने, म्हणजे फक्त त्यांनाच वाचता येईल अशा रीतीने, ई-मेल कूटबद्ध करण्यातच माझा अर्धा तास गेला. संदर्भ क्रमांक मिळाला आणि पुढच्याच आठवड्यात लॅबच्या एका व्यवस्थापकांचा फोन आला. ‘आमच्या सर्व्हरमध्ये शिरायला तुम्हाला कोणी सांगितले?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. मी पहिल्या ई-मेलची तारीख सांगितली आणि तो त्यांनी आधी वाचावा अशी विनंती केली. संध्याकाळी त्यांच्या प्रोग्रॅमरने फोन केला आणि त्याच्याशी मात्र पाच मिनिटांत सूत जुळले.

चार दिवसांनी ‘दुरुस्त केले’ असा निरोप आला. पाहतो तो सात अंकांच्या जागी आता बारा चिन्हांची अगम्य मालिका होती, पण तिच्या शेवटी दोन बरोबरची चिन्हे होती. ती बेस ६४ मध्ये, म्हणजे कोणालाही सहज उलगडता येणाऱ्या लेखनपद्धतीत, मांडलेला तोच क्रमांक निघाली. दाराला कुलूप न लावता त्यावर पडदा सोडला होता. मी पुन्हा पत्नीचाच क्रमांक वापरून हे दाखवले. प्रोग्रॅमर ओशाळून म्हणाला की वरून ‘आजच्या आज करा’ असा हुकूम होता. खरी दुरुस्ती व्हायला आणखी नऊ दिवस लागले आणि त्यानंतर बहिणीला पाठवलेली जुनी लिंक लॉगिनच्या पानावर येऊन थांबू लागली.

सर्व स्क्रीनशॉट पुसल्याचे मी लॅबला लेखी कळवले, सर्ट-इनला दुरुस्ती पडताळल्याचे उत्तर दिले आणि लॅबला त्याच पत्रात ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ फाइल ठेवण्याची सूचनाही केली. आभाराचे दोन ओळींचे पत्र आले. ती फाइल अद्याप तिथे नाही. हे लिहायला बसण्यापूर्वी पुन्हा पाहिले.