आईची एकादशी आणि मेक्सिको सिटीतली व्हेगन फूड टूर

मेक्सिकोला जायचं ठरलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "तिथे मी खाणार काय?" आणि दुसरा, "मधेच एकादशी येतेय, तिचं काय?" आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, पण दूध तूप ताक सगळं चालतं. मी सहा वर्षांपासून व्हेगन, म्हणजे तेही नाही आणि मधही नाही. आई जळगावहून माझ्याकडे ह्यूस्टनला आली होती तीन महिन्यांसाठी, तिथून मेक्सिको सिटीची फ्लाईट दोन-अडीच तासांची, शिवाय अमेरिकेचा चालू व्हिसा असला की भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, मग म्हटलं मार्चमधे पाच दिवस जाऊन येऊच.

पहिल्या रात्री व्हायचं तेच झालं. हॉटेलजवळ एका ठिकाणी मी मोबाईलवर बघून "सिन कार्ने" म्हणजे मांस नको असं सांगितलं, भात आणि बीन्स आले, चांगले दिसत होते, आईने दोन घास खाल्ले आणि मग मला शंका आली म्हणून विचारलं तर कळलं की बीन्स डुकराच्या चरबीत परतलेत आणि भात चिकनच्या पाण्यात शिजवलाय. त्यांनी काही लपवलं नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. आई काही बोलली नाही, ताट बाजूला सरकवलं, रूमवर येऊन चूळ भरली आणि बॅगेतला खाकरा आणि शेंगदाण्याची चटणी काढून बसली. मला इतकं वाईट वाटलं ना. त्याच रात्री मी दुसऱ्या दिवशीची चालत फिरायची व्हेगन फूड टूर बुक केली, साडेतीन तास, सहा थांबे.

टूर रोमा नोर्ते भागातली. झाडांनी भरलेले रस्ते, शंभर वर्षांपूर्वीची घरं, आणि मार्च असल्यामुळे जॅकरांडाची जांभळी फुलं फुटपाथवर नुसती सांडलेली. आम्ही आठ जण होतो. गाईड तिशीतली मुलगी, याच शहरात वाढलेली, स्वतः व्हेगन. एक सांगते, हे शहर २२४० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी थोडं चाललं तरी धाप लागते, घरातली मोठी माणसं बरोबर असतील तर हळू चला आणि पाणी जवळ ठेवा.

चालायला लागायच्या आधीच तिने आम्हाला तीन शब्द पाठ करायला लावले. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी, ती बीन्समधे आणि तामालेसच्या (मक्याच्या पिठात सारण भरून पानात वाफवलेला पदार्थ) पिठात असते. काल्दो दे पोयो म्हणजे चिकनचं पाणी, ते भातात, सूपमधे आणि मोले नावाच्या वाटणाच्या घट्ट रश्शात असतं. आणि केसो-क्रेमा, म्हणजे चीज आणि क्रीम, हे वरून येतं, म्हणून नको म्हणायला सगळ्यात सोपं. नुसतं "सिन कार्ने" म्हटलं तर बऱ्याच लोकांच्या डोक्यात फक्त लाल मांस येतं, चिकन त्यात धरतच नाहीत. कोणी मेक्सिकोला जाणार असाल तर हे तीन शब्द लिहून घ्या, "सिन" म्हणजे "शिवाय", बाकी स्पॅनिश नाही आलं तरी चालतं.

मग तिने जे सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. १५१९ मधे स्पॅनिश लोक येईपर्यंत या देशात गाय, डुक्कर, शेळी, मेंढी यातलं काहीच नव्हतं, १५२१ मधे तेनोच्तित्लान म्हणजे आत्ताच्या मेक्सिको सिटीच्या जागेवरचं जुनं शहर पडलं आणि त्यानंतर ही जनावरं सगळीकडे पसरली. म्हणजे चीज, क्रीम, चरबी हे सगळं जेमतेम पाचशे वर्षांचं. त्याआधी लोक शाकाहारी होते असं मुळीच नाही, ते टर्की खायचे, कुत्री पाळून खायचे, मासे खायचे, किडे खायचे, पण रोजचं पोट भरायचं मका, बीन्स, भोपळा आणि मिरचीवर. हे तिघं, मका बीन्स भोपळा, एकाच शेतात लावतात, बीन्सचा वेल मक्यावर चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकतात, त्या शेताला मिल्पा म्हणतात. मी आईला मराठीत सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "आपण ज्वारीत तूर टाकतो तसंच की."

पहिला थांबा म्हणजे एक कोपरा. दुकान नाही, पाटी नाही, निळी ताडपत्री, कोळशाची शेगडी, तिच्यावर मोठा तवा (त्याला कोमाल म्हणतात) आणि मागे आईच्या वयाची बाई. ती त्लाकोयो करत होती. निळ्या मक्याच्या पिठाचा गोळा, त्यात वाटलेल्या बीन्सचं सारण, दोन्ही तळव्यांमधे थापत थापत त्याला होडीसारखा लांबट आकार द्यायचा आणि कोरड्या तव्यावर भाजायचं, तेलाचा थेंब नाही. वर नोपाल म्हणजे फड्या निवडुंगाची पानं काटे काढून, चिरून, शिजवलेली, कांदा, कोथिंबीर आणि हिरवी साल्सा. नोपालला भेंडीसारखी तार असते आणि चव आंबटसर. ती बाई शेवटी वर चीज टाकते, आम्ही "सिन केसो" म्हटलं आणि झालं, व्हेगन. पीठाला मातीसारखा, भाजल्या कणसासारखा वास येत होता, मी दोन खाल्ले आणि आईने एक पूर्ण, जी आई बाहेर अर्ध्याच्या वर कधी खात नाही.

आणि आईचं सगळं लक्ष त्या बाईच्या हातांकडे. शेवटी तिने न राहवून स्वतःचे तळहात एकावर एक ठेवून भाकरी थापल्यासारखं करून दाखवलं. बाईने एक गोळा उचलून तिच्या हातात दिला. आईने तो हातावरच फिरवत फिरवत गोल थापला, कडा नीट, कुठे चीर नाही, आणि बाईने तो घेऊन तव्यावर टाकला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मी फोटो काढायलाच विसरले.

आईचा प्रश्न मात्र बरोबर होता, मक्याचं पीठ तुटलं कसं नाही? आपल्याकडे मक्याची भाकरी करताना उकळतं पाणी घातलं तरी कडा फाटतात. तर याचं उत्तर चुना. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर त्याच पाण्यात ठेवतात, सकाळी चोळून धुतला की साल सुटून येते, मग वाटतात. याला निश्तमाल म्हणतात. चुन्यामुळे पिठाला चिकटपणा येतो, अंगात कॅल्शियम जातं, आणि मोठी गोष्ट म्हणजे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व मोकळं होतं, एरवी ते शरीराला फारसं मिळत नाही. युरोपियनांनी इथून मका नेला पण ही कृती नेली नाही, त्यामुळे इटलीत आणि नंतर अमेरिकेच्या दक्षिणेत मक्यावरच जगणाऱ्या गरीब लोकांना पेलाग्रा झाला, कातडी सोलवटायची, पोट बिघडायचं, भ्रम व्हायचा, माणसं मरायची. मेक्सिकोतल्या बायका हजारो वर्षं हे रोज स्वयंपाकघरात करत आल्यात आणि मला वाटतं माणसाने लावलेल्या सगळ्यात मोठ्या शोधांपैकी हा एक आहे, पण त्याला कोणाचं नाव नाही. २०१० मधे युनेस्कोने मेक्सिकन स्वयंपाकाला वारसा यादीत घेतलं, त्यात मिल्पा आणि निश्तमाल दोन्हींचा मान आहे, हे ऐकून मला खरंच बरं वाटलं.

पुढच्या थांब्यावर टाकोमधे (मक्याच्या पातळ पोळीत सारण घालून दुमडलेला पदार्थ) गडद लाल काहीतरी परतलेलं होतं, कांदा आणि चिपोत्लेबरोबर (पिकलेली हालापेन्यो मिरची धुरावर सुकवली की ती चिपोत्ले). गाईड म्हणाली फुलं आहेत, हामाइका. सगळे अंदाज लावत होते, आईने एक घास घेतला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "अगं, ही तर अंबाडीची बोंडं!" मी फोनवर शोधलं, खरंच तीच, अंबाडीच. झुडूप मूळचं आफ्रिकेतलं, स्पॅनिश काळात मेक्सिकोत आलं आणि आता इथल्या प्रत्येक खानावळीत त्याचं लाल सरबत मिळतं. सरबत करून उरलेली बोंडं फेकायची नाहीत, परतून टाकोत घालायची. आम्ही घरी येऊन हे दोनदा केलंय, लसूण आणि थोडा गूळ घालून, फार छान लागतं.

दुपारी पोर सिएंप्रे वेगाना नावाच्या प्रसिद्ध व्हेगन टाकेरियात, म्हणजे टाकोच्या दुकानात, पास्तोर टाको खाल्ला. पास्तोर म्हणजे लेबनॉनहून आलेल्या लोकांनी आणलेल्या शवर्माचं मेक्सिकन रूप, लाल मसाला, अननस, उभ्या सळईवर फिरणारा ढीग, इथे तो मांसाशिवाय केलेला. गर्दी तरुण पोरांची, चव झणझणीत, आमच्या ग्रुपला हाच सगळ्यात आवडला. मला आवडला पण माझा जीव त्या त्लाकोयोतच अडकला होता. व्हेगन म्हटलं की लोकांना वाटतं कशाच्या तरी जागी दुसरं काहीतरी घालायचं, मांसासारखं, चीजसारखं. त्या कोपऱ्यावर कशाच्याच जागी काही नव्हतं, फक्त वरचं चीज टाळलं आणि खालचा पदार्थ जसा होता तसा समोर आला. ज्यांना पास्तोरची चव हवी आहे पण जनावर नको त्यांच्यासाठी अशी दुकानं हवीतच, याबद्दल माझं दुमत नाही.

मोलेचं थोडक्यात सांगते, कारण पोट भरत आलं होतं. छोटी खानावळ, मशरूमवर काळपट मोले, चिकनच्या पाण्याऐवजी भाज्यांच्या पाण्यात केलेला. सुक्या मिरच्या, तीळ, दाणे, करपवलेली टॉर्टिया (मक्याची पोळी), थोडं चॉकलेट, सगळं भाजून वाटलेलं. आई म्हणाली आपल्या काळ्या मसाल्याची रस्साभाजी आणि याची बहीण-बहीण आहे. कोपऱ्यात पाटा-वरवंटा होता, तीन पायांचा, उतरता, त्याला मेताते म्हणतात.

शेवट मेदेयीन मंडईत. आणि इथे आईचा चेहरा बघण्यासारखा होता, कारण तिला गाईडची गरजच उरली नाही. पेरू, पपई, सीताफळ, चिकू. चिकूला इथे चिकोसापोते म्हणतात, आणि पूर्वी च्युइंगगम त्याच्याच चिकापासून व्हायचं. शेंगदाण्याला काकावाते, जो जुन्या नाहुआत्ल भाषेतल्या त्लालकाकावात्लवरून आला, अर्थ "जमिनीतला कोको". आपण भुईमूग म्हणतो, भुईतला मूग! दोन टोकांच्या लोकांनी एकाच शेंगेकडे बघून एकाच पद्धतीने नाव ठेवलं, हे मी तेव्हापासून ज्याला त्याला सांगतेय.

मग एका टेबलावर राजगिऱ्याच्या वड्या. अगदी आपल्याच, पाकिटातली चिक्की असावी तशा, वर दाणे लावलेले. नाव अलेग्रीया, म्हणजे आनंद. स्पॅनिश यायच्या आधी इथे राजगिऱ्याच्या पिठाच्या देवांच्या मूर्ती करायचे आणि पूजेनंतर त्याचे तुकडे सगळ्यांना वाटून खायचे, म्हणून पाद्र्यांनी त्यावर बंदी आणली, तरी गावोगावच्या लोकांनी बी जपलं. आईला हे सांगितलं तर ती वडी हातात धरून थोडा वेळ गप्पच झाली. मग म्हणाली, "म्हणजे यांचाही प्रसादच होता." काही वड्यांत मध असतो म्हणून मी "सिन मिएल" असं विचारलं, बाईने नुसत्या गुळाच्या (इथला गूळ पिलोन्सियो, छोट्या शंकूसारखा) वेगळ्या काढून दिल्या, आईने दहा घेतल्या.

हॉटेलवर परत येताना टॅक्सीत आई बोटं मोजत होती. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, राजगिरा, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद, लाल भोपळा. आपल्या उपासाच्या ताटातलं एवढं सगळं अमेरिका खंडांतून आलंय, काही मेक्सिकोतून, काही खाली पेरू-ब्राझीलकडून, पोर्तुगीजांच्या वगैरे जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागलं. "वरी तेवढी आपली," आई म्हणाली. "आजीला हे माहीत असतं तर?" मी विचारलं. आई म्हणाली आजीने आधी विचारलं असतं की तिकडचे लोक हे खाऊन कोणत्या देवाचं करतात.

रात्री साडेआठच्या सुमारास खालच्या रस्त्यावरून शिट्टी ऐकू आली, लांबलचक, वाफेच्या इंजिनासारखी, हळूहळू बारीक होत जाणारी. गाईडने सांगून ठेवलं होतं, ही रताळीवाल्याची. ढकलगाडीवर लाकडाची भट्टी, आत रताळी आणि केळी भाजत असतात, वाफ सोडली की शिट्टी वाजते. त्यावर गोड दूध ओतून देतात, ते नको म्हणायचं. मी चपला शोधेपर्यंत आई पर्स घेऊन दारात उभी होती. "चार घे," ती म्हणाली, "दोन आत्ता, दोन उद्या एकादशीला."