बाप-लेकाची किनारी सफर: नकाशाआधी भरतीचं वेळापत्रक

उन्हाळ्यात किनाऱ्याकिनाऱ्याने गाडी काढायची, तर मुक्काम ठरवण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आज सकाळी १० वाजता मोकळी दिसणारी वाळू आठवड्याने त्याच वेळी पाण्याखाली असते. हे गणित मुलालाच करायला द्या. सफर त्याचीही होते.

दिवसाला चार तासांपेक्षा जास्त ड्रायव्हिंग ठेवू नका, दोन तासांनी थांबाच. वळणांवर मुलाला गाडी लागत असेल तर मोबाईल बाजूला ठेवून नजर दूर समोर ठेवू द्या.

टायरची हवा सकाळी टायर थंड असताना तपासा, स्टेपनीचीही. चाक वाळूत रुतलं की ॲक्सिलरेटर दाबायचा मोह होतो, पण चाक जागीच फिरून आणखी खोल जातं. चाकापुढची वाळू हाताने उपसा, फ्लोअर मॅट चाकाखाली सारा आणि हळूहळू बाहेर या. छोटं फावडं डिकीत हवंच.

पाण्यात मात्र कडक राहा. दोन्हीकडे लाटा फुटतात आणि मधली पट्टी शांत दिसते, तिथे बरेचदा समुद्राकडे ओढणारा प्रवाह असतो. मुलाला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. ओढला गेलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा. जीवरक्षक असलेलाच किनारा निवडा.

परतल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा, मिठाने गंज लवकर धरतो.