आरामदायी प्रवासासाठी रिम आणि टायरचे माप निवडताना

माझ्या गाडीला मुळात १७ इंची अलॉय रिम आणि २२५/४५ आर १७ मापाचे टायर होते. दिसायला जोडी देखणी होती, पण रस्त्याचा प्रत्येक सांधा आणि डांबराची प्रत्येक तुटकी कड थेट आसनापर्यंत पोहोचत असे. टायर झिजून बदलायला आले, तेव्हा त्याच मापाचे नवे घेण्याऐवजी मापाचाच नव्याने विचार करायचे ठरवले. त्याआधी शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) तपासून घेतले आणि टायर थंड असताना हवाही मोजली, कारण यांत काही बिघाड असेल तर टायरवर खर्च करून उपयोग होत नाही. सगळे ठीक निघाले.

टायरवरच्या आकड्यांत २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी असते आणि १७ हा रिमचा इंचांतला व्यास. मधला ४५ मात्र टक्के दाखवतो : साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे १०१ मिमी. चाक एखाद्या कडेवर चढते तेव्हा ही साइडवॉल दबते आणि धक्क्याचा काही भाग तिथेच जिरतो. तिला दबायला जागा थोडी असली की उरलेला धक्का रिममधून पुढे सस्पेन्शनकडे आणि तिथून आपल्या पाठीकडे जातो. आराम हवा असेल तर ही उंची वाढवायची, हे उघड होते. प्रश्न होता ती कशाच्या बदल्यात वाढवायची हा.

सगळ्यांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे रिम तीच ठेवून २२५/५० आर १७ टायर घेणे. हिशेब मांडल्यावर तो बाद झाला. मूळ टायरचा एकूण व्यास ६३४ मिमी होता, तर या टायरचा ६५७ मिमी होतो, म्हणजे साडेतीन टक्के जास्त. वेगाचा काटा १०० वर असताना गाडी जवळपास १०३.५ च्या वेगाने धावली असती (काटा मुळात अचूक असेल असे धरून), आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर चाकाच्या खोबणीतल्या अस्तराला घासण्याची भीती होती ती वेगळीच. व्यास फार तर दोन-तीन टक्के हलू द्यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. मला तोही सैल वाटतो.

म्हणून रिम लहान करून तेवढीच उंची साइडवॉलला देण्याचा मार्ग उरला. २०५/५५ आर १६ चा व्यास ६३२ मिमी आणि १९५/६५ आर १५ चा पुन्हा ६३४ मिमी येतो, म्हणजे तिन्ही मापे व्यासाने जवळपास सारखीच. साइडवॉल मात्र १०१ वरून अनुक्रमे ११३ आणि १२७ मिमी होते. दारालगतच्या चौकटीवरच्या स्टिकरवर १६ इंची माप छापलेले होते, १५ इंची नव्हते. तरीही पंचवीस मिलिमीटरचा लाभ सोडवत नव्हता, म्हणून ओळखीच्या टायरवाल्यांकडून १५ इंची नुसती रिम, टायर न चढवता, पुढच्या हबवर (चाक जिथे बोल्टांनी बसते त्या भागावर) लावून पाहिली. ती बसलीच नाही. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला पकडणारा भाग, आतून रिमला टेकत होता. मूळ १७ इंची रिममागे माझ्या गाडीत ब्रेकच्या मोठ्या डिस्क आहेत, आणि त्याच मॉडेलच्या लहान डिस्कच्या गाडीला जी रिम सहज बसते ती इथे बसेलच असे नाही. १६ इंची रिम लावली तेव्हा कॅलिपरवर मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीचा छोटा गोळा चिकटवून चाक हाताने पूर्ण फिरवले. गोळा किती चेपला यावरून मोकळी जागा कळते, आणि ती पुरेशी होती. बॅलन्सिंगची चिकटवायची वजने रिमच्या आतल्या बाजूला लागतात, त्यांच्या जाडीसाठीही जागा सोडावी लागते, हे त्या वेळी सांगितले गेले म्हणून बरे झाले.

रिमच्या बाबतीत व्यासाइतकीच बाकीची मापे महत्त्वाची असतात. बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, तंतोतंत जुळावा लागतो. ११२ च्या जागी ११४.३ मिमी ‘चालवून घेणे’ हा जिवाशी खेळ आहे. मधले भोक हबपेक्षा मोठे असेल तर मध्ये कडी घालावी लागते, नाहीतर चाक नेमके मध्यावर बसत नाही आणि स्टिअरिंग थरथरते. ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणाऱ्या पृष्ठभागाचे अंतर, मूळच्या जवळचा ठेवला. रिमची रुंदी साडेसात इंचांवरून साडेसहा झाली, त्यामुळे दोन्ही कडा साधारण १२.७ मिमी आत आल्या आणि घासण्याचा प्रश्नच उरला नाही. बोल्टांची टेक (रिमवर बसणारा भाग) शंकूसारखी आहे की गोलाकार, हेही रिमशी जुळवून पाहिले.

टायर निवडताना लोड इंडेक्सवर थोडी चर्चा झाली. मूळ टायरवर ९१ हा आकडा होता, म्हणजे प्रत्येक टायर ६१५ किलोपर्यंतचा भार पेलतो. मला ९४ चा, ६७० किलो पेलणारा, एक्स्ट्रा लोड प्रकारचा टायर ‘जास्त मजबूत’ म्हणून सुचवला गेला. भार वाढवायचा नसताना तो घेण्यात अर्थ नव्हता, कारण अशा टायरची बांधणी सहसा अधिक कडक असते आणि मिळवलेला आराम तिथे थोडा गमवावा लागतो. लोड इंडेक्स मूळपेक्षा खाली मात्र कधीच नेऊ नये. मी ९१ व्ही घेतला. यातला व्ही म्हणजे ताशी २४० किमीची मर्यादा, जी मूळ टायरपेक्षा कमी नव्हती. टायरवरचा चार आकडी उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष पाहूनच ते चढवू दिले.

फरक नेमका कुठे पडला, ते स्पष्ट सांगायला हवे. तीक्ष्ण, छोटे धक्के बरेच बोथट झाले. रस्त्याच्या सांध्यांवरचा ‘ठक्’ आता ‘धप्’ झाला आहे, आणि खड्ड्याच्या कडेवर रिम वाकण्याची धास्तीही कमी झाली. टायरसह नवे चाक जुन्यापेक्षा थोडे हलके असल्यामुळे ओळीने येणाऱ्या उंचवट्यांवर चाक रस्त्याला अधिक चिकटून राहते, असे मला जाणवते. लांबट लाटांसारख्या रस्त्यावर मात्र गाडी पूर्वीसारखीच हलते, कारण तिथे काम स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे असते. वेगाने वळताना स्टिअरिंगला प्रतिसाद किंचित उशिरा मिळतो. मला ते चालते. ज्याला गाडी वळणांवर दामटायची हौस आहे, त्याला कदाचित चालणार नाही.

हवा स्टिकरवर १६ इंची मापासमोर दिलेल्या दाबाप्रमाणेच ठेवली आहे. आणखी मऊपणासाठी ती कमी करण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण त्याने टायर तापतो आणि कडा लवकर झिजतात. स्टेपनी बदलावी लागली नाही, कारण ती आधीपासूनच २०५/५५ आर १६ होती. नवी चाके लावल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून बोल्ट टॉर्क पान्याने (ठरावीक जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासून घेतले, तेव्हा त्यांतला एक किंचित फिरला.