जिताड्याला फास्ट रील की स्लो?

खाडीत ल्युअरने, म्हणजे खोट्या आमिषाने, जिताडा गरवणाऱ्यांकडून, आणि त्याहून जास्त नुकतं गरवायला लागलेल्यांकडून, हा प्रश्न मला हमखास येतो: 'मिनो (छोट्या माशाच्या आकाराचा ल्युअर) चालवायला रील घ्यायचंय. पाच-दोनचं (5.2:1) घेऊ की सहा-दोनचं (6.2:1)? दुकानदार म्हणतो, जिताडा जड, ताकदीचं पाहिजे, म्हणून स्लो घ्या.' तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सहा-दोनचं घ्या आणि हात सावकाश ठेवा. दुकानदार खोटं बोलत नाही, पण तो बोलतोय ते दुसऱ्या ल्युअरबद्दल.

आधी त्या आकड्याची भीती घालवू. 6.2:1 हा रेशो म्हणजे हँडलचा एक फेरा झाला की रोटर, म्हणजे दोरा गुंडाळणारा भाग, 6.2 वेळा फिरतो, बस. दोरा किती आत आला, ते यावरून कळत नाही. त्यासाठी स्पूलवर, म्हणजे दोरा ज्यावर गुंडाळला जातो त्या चाकीवर, दोरा भरल्यानंतरचा व्यास लागतो. 4000 साइजच्या रीलवर तो साधारण 50 मिलिमीटर धरा. मग 5.2 ला एका फेऱ्यात सुमारे 82 सेंटिमीटर दोरा येतो, 6.2 ला सुमारे 97. आता 65 मिलिमीटर व्यासाचं मोठं रील घ्या, रेशो फक्त 4.9. तरी फेऱ्याला मीटरभर दोरा येतो! म्हणजे ज्याला सगळे स्लो म्हणतात ते रील तुमच्या फास्ट रीलच्या पुढे. म्हणून खोक्यावरचा रेशो नंतर बघा, आधी फेऱ्याला किती सेंटिमीटर ते बघा. बहुतेक कंपन्या तेही छापतात. आणि ब्रेड (विणलेला दोरा) जवळजवळ काठोकाठ भरा, स्पूलच्या ओठापासून एक-दोन मिलिमीटर सोडून. अर्धवट भरून व्यास 40 वर आला तर तुमचं महागडं 6.2 फेऱ्याला 78 सेंटिमीटरच ओढतं. फास्टचे पैसे देऊन स्लो रील वापरणारे पुष्कळ आहेत, त्यांना फक्त ते माहीत नसतं.

आता मिनोकडे या. मिनोला रील चालवत नाही, काठीचं टोक चालवतं. टोकाला खाली हिसका दिला की मिनो बाजूला उसळतो, मग थांबतो. टोक परत मिनोच्या दिशेला नेलं की मध्ये ढील पडते. रीलचं काम ती ढील उचलणं, बाकी काही नाही. अर्ध्या फेऱ्यात 41 ऐवजी 48 सेंटिमीटर. सात सेंटिमीटरसाठी एवढी चर्चा कशाला, असं तुम्ही म्हणाल, आणि साचलेल्या पाण्यात मी तुमच्याशी भांडणार नाही.

पण जिताडा साचलेल्या पाण्यात क्वचित भेटतो. (अलिबागकडच्या तळ्यांतला पाळलेला जिताडा वेगळा. तो जाळ्याने काढून जावयाला वाढायचा, त्याला रील लागत नाही.) रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीत ओहोटी लागली की पाणी पुलाच्या खांबांना घासत समुद्राकडे निघतं. मासा खांबाच्या किंवा खडकाच्या आडोशाला, तोंड प्रवाहाकडे करून, काय वाहत येतंय ते बघत बसतो. त्यामुळे आपण फेकतो वरच्या अंगाला आणि मिनो त्याच्याकडे पाण्याबरोबर येऊ देतो. पाणी सेकंदाला अर्धा मीटर जरी चालत असलं तरी दोन सेकंदांच्या थांब्यात मीटरभर ढील आपोआप जमते. हा मीटर गोळा करेपर्यंत मिनोला तुम्ही अजून 'हल'सुद्धा म्हटलेलं नाही. 97 वाल्या रीलला हे एका सावकाश फेऱ्यात जमतं. 82 वाल्याला सव्वा फेरा लागतो, तोही प्रत्येक थांब्यात, उधाणाच्या ओहोटीत त्याहून जास्त. मग हात घाई करायला लागतो. घाईच्या हाताने थांबा मोडतो, आणि जिताडा बहुतेक वेळा घेतो तो थांब्यातच.

घेतो कसा तेही बघा. चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट ल्युअर आत ओढतो, आणि आवडलं नाही की तसाच बाहेर टाकतो. त्या क्षणी दोरा ढिला असेल तर तुम्हाला फक्त आवाज ऐकू येतो. लागलाच, तर उडी मारून डोकं झाडतो, किंवा सरळ तुमच्याच अंगावर धावतो. इथे ढील म्हणजे गळ सुटला. इथे फास्ट रीलचा दर सेंटिमीटर वसूल होतो.

दुकानदाराची बाजू आता. हँडल 55 मिलिमीटरचं असेल तर मूठ एका फेऱ्यात सुमारे 35 सेंटिमीटर फिरते आणि तेवढ्यात 97 सेंटिमीटर दोरा ओढते. पलीकडे दोन किलोचा ताण असेल तर मुठीवर साडेपाच किलोच्या वर जोर येतो. 82 वाल्याला तोच 4.7 किलो. घर्षण वेगळं. खोल जाणारा, पाणी कापत येणारा क्रँकबेट ल्युअर दिवसभर ओढायचा असेल तर हा फरक मनगटाला संध्याकाळी कळतो, तिथे स्लोच घ्यावं. पण पृष्ठभागाजवळ चालणाऱ्या बोटभर मिनोचा ताण तो किती? आणि मासा रीलने ओढायचाच नसतो. काठीने उचलायचा, काठी खाली नेताना दोरा गोळा करायचा. काठी खाली जाताना ताण कमी असतो, तेव्हा वेग उपयोगी पडतो, ताकद नाही. मासा पळत असताना हँडल फिरवणाऱ्याला कुठलाच रेशो वाचवत नाही. ब्रेडला पीळ मात्र बसतो.

एका ठिकाणी मी स्वतः पाचच्या आसपासचं रील लावते: भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी आणि पाणी मंद असताना, तळाला घासून सॉफ्ट शॅड (मऊ रबरी मासा) आणायचा असतो तेव्हा. तिथे काठी स्थिर असते, शेपूट रीलच हलवतं. फास्ट रीलने हात जरा चेकाळला की शॅड तळ सोडून वर येतो. स्लो रील असलं की ती राखण आपोआप होते.

पाच-दोनचं आधीच घेऊन बसला असाल तर विकू नका. स्पूल नीट भरा आणि वरच्या अंगाऐवजी आडवं किंवा खालच्या अंगाला फेका. तिकडे पाणीच दोरा ताणून धरतं, ढील कमी पडते. मिनोची उसळी थोडी आखडते, थांब्यात तो जागेवर न राहता प्रवाहात ओढला जातो, पण मासा लागतो. हँडल मात्र लांब बसवू नका, निदान वेग वाढेल या आशेने तरी. त्याने जोर कमी लागतो, दोरा तेवढाच येतो.