आणि सहकारी

रविवार, रात्री साडेअकरा

दिवाळी पहाटेचं कार्ड दुपारी ग्रुपवर आलं. वर ताईचं नाव, ठळक. खाली बारीक अक्षरांत ‘आणि सहकारी’. बाकी दोघींनी फुलं पाठवली. मी हात जोडले आणि फोन पालथा ठेवला.

सव्वीस वर्षं चौघी मिळून गातोय. जाऊ दे.

रात्री मोटाऊनचा, त्या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा, पंचविशीचा कार्यक्रम लावला. मन ठिकाणावर नसलं की मी तोच लावते. १९८३ च्या मार्चमध्ये पॅसाडिनात चित्रित झालेला, मे महिन्यात एनबीसीवर दाखवलेला. सगळ्यांना त्यातला मायकेल जॅक्सनचा मूनवॉक आठवतो. मी बघते ती टेम्प्टेशन्स आणि फोर टॉप्स या दोन गायकगटांची जुगलबंदी. समोरासमोर उभे राहून आळीपाळीनं गाणी टाकतात, आणि चेहऱ्यावर केवढा आनंद!

आज मात्र शेवटाशी अडकले. डायना रॉस येते, मग मेरी विल्सन आणि सिंडी बर्डसाँग. फ्लॉरेन्स बॅलर्ड नाही. सुप्रीम्स हा या तिघींचा गट, तो उभा करणाऱ्यांतली ती. १९६७ मध्ये नाव ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’ झालं, त्याच वर्षी ती बाहेर पडली, आणि १९७६ मध्ये गेली, अवघ्या ३२ व्या वर्षी. मला रडू आलं. फ्लॉरेन्ससाठी आलं असं म्हणवत नाही.

सहकारी म्हणजे कोण? सतरंजी उचलणारे?

मग परत मागे जाऊन जुगलबंदी लावली. फोर टॉप्सचा मुख्य गायक लेव्ही स्टब्ज, त्याचा आवाज म्हणजे नुसती हाक, काळजातून आलेली. त्याचं नाव वर घातलं असतं तर कोण नाही म्हणालं असतं? पण गट ‘फोर टॉप्स’च राहिला. १९५३ ते १९९७, लॉरेन्स पेटन जाईपर्यंत तेच चौघं. बाकी तिघांचे आवाज एकमेकांत बसवायचं काम या पेटनचं. आज मी लेव्हीकडे पाहिलंच नाही. मागच्या तिघांचे ओठ पाहत राहिले. ते गप्प झाले तर लेव्हीची हाक एकटी पडेल, इतकं स्पष्ट दिसतं.

ताईचं नाव नसतं तर सभागृह भरलं असतं का? नसतं. तबलजी ठरवणं, हार्मोनियमवाल्याचे पैसे, सगळं तीच बघते. आईच्या आजारपणात... ते असो. कार्ड तिनं छापलेलं नाही, हेही मला दुपारपासून माहीत आहे. तरी खुपतंय.

कागदावर आमची चारही नावं लिहून पाहिली. एका ओळीत मावतात.

हे ताईला सांगणार आहे. कार्डावर नको, पण निवेदनात चारही नावं घ्यायला सांग, एवढंच. उद्या सातला तालीम. दुसऱ्या कडव्यात माझा खालचा पंचम अजून उतरतोय, तो आधी बघायला हवा.